नावापुढचं 'डॉ.' आलं कुठून?

मंडळी, द्वारका चौकातल्या फ्लेक्सवर नावापुढं 'डॉ.' दिसलं की हे आठवा. लॅटिनमध्ये 'डोसेरे' म्हणजे शिकवणं; त्यावरून डॉक्टर, म्हणजे शिकवणारा. मध्ययुगीन युरोपात धर्मशास्त्र, कायदा, वैद्यक या तिन्हींत ही पदवी मिळायची.

बाबासाहेबांनी ती दोनदा कमावली, अर्थशास्त्राचे प्रबंध लिहून: १९२३ला लंडनची डी.एस्सी., १९२७ला कोलंबियाची पीएच.डी. तरी १९३०च्या सत्याग्रहात, इथून जवळच पंचवटीत, काळारामाचं दार त्यांना उघडलं नाही.

आणि आज? शाल-श्रीफळासोबत 'डॉक्टरेट' वाटली जाते! १९५६च्या यूजीसी कायद्यानुसार पदवी द्यायचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्यानं तो दिलेल्या संस्थांनाच आहे. म्हणून बिनधास्त विचारा: साहेब, विद्यापीठ कुठलं?