एबेट्स फील्ड : मालकाचे मैदान, वस्तीची आठवण

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एबेट्स फील्ड हे बेसबॉलचे मैदान १९१३ साली खुले झाले आणि १९६० साली पाडले गेले. आयुष्य अवघे ४७ वर्षांचे. पण इतके हळवे स्मरण क्वचितच एखाद्या क्रीडांगणाच्या वाट्याला आले असेल. या हळवेपणाचे मर्म तिथल्या नित्याच्या प्रेक्षकांत शोधावे लागते.

सुमारे ३२ हजार प्रेक्षकांच्या या आटोपशीर मैदानात खेळाडू हाकेच्या अंतरावर असत. हिल्डा चेस्टर ही बाई गाईच्या गळ्यातली घंटा वाजवून मैदान दणाणून सोडी. हौशी वादकांचा एक ताफा पंच आले, की आंधळ्या उंदरांच्या बालगीताची चाल वाजवून त्यांची टर उडवी. ब्रुकलिन डॉजर्स १९४१ ते १९५३ या काळात यांकीज संघाकडून पाच वेळा अंतिम मालिका हरले. 'पुढच्या वर्षी पाहू' हे जणू वस्तीचे ब्रीदवाक्य झाले. ते 'पुढचे वर्ष' १९५५ साली उजाडले.

या मैदानाचे ऐतिहासिक मोल मात्र विजयापुरते नाही. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन येथेच डॉजर्सतर्फे उतरला आणि मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीयांना अनेक दशके बंद असलेले दार उघडले.

पुढे मालक वॉल्टर ओमॅली यांना ब्रुकलिनमध्येच नवे मैदान हवे होते. त्यांनी मागितलेली जागा देण्यास नगररचनेचे सूत्रधार रॉबर्ट मोझेस राजी नव्हते. अखेर संघ लॉस एंजेलिसला गेला. दोष कोणाचा, हा वाद अद्याप मिटलेला नाही. परंतु एक आकडा स्मरणरंजनाला अडचणीत टाकतो. २४ सप्टेंबर १९५७ च्या अखेरच्या सामन्याला केवळ ६,७०२ प्रेक्षक होते. लोक उपनगरांत पांगत होते, सामने घरबसल्या दूरचित्रवाणीवर दिसत होते आणि संघ जाणार, ही कुणकुणही लागलेली होती.

म्हणून आठवणी खोट्या ठरतात काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच हंगामात दहा लाखांहून अधिक प्रेक्षक आले होते. मात्र त्यांच्या निष्ठेला निर्णयात स्थान नव्हते. संघ ही मालकाची मालमत्ता होती. वस्तीने 'आपले' मानलेले मैदान कायद्याने वस्तीचे कधीच नव्हते. आज तेथे निवासी इमारती उभ्या आहेत. एबेट्स फील्डविषयीच्या हळव्या लेखनाकडे केवळ गतकाळाचा उमाळा म्हणून न पाहता, हक्काविना जपलेल्या आपलेपणाची नोंद म्हणून पाहिले पाहिजे.