‘कुसुमानिल’ : एका घराची पूर्वपीठिका

दिवाळीच्या दिवसांत आमच्या नागपूरकडच्या घरांतून पाहुण्यांची वर्दळ असते. फराळ आटोपतो, संत्री सोलता सोलता गप्पा रंगतात आणि कुणीतरी कुमार गंधर्वांचे गाणे लावतो. रुसून बसलेल्या सखीची समजूत काढणारे कवी अनिलांचे ते प्रसिद्ध गीत सुरू झाले, की वडीलधाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास सांगू लागते, “कवीची पत्नी गेली, आणि तिच्या निश्चल देहाकडे पाहून त्याला ही कविता सुचली बरं का!” ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात आणि क्षणभर सारे गप्प होतात.

दंतकथेला पुरावा लागत नाही. ती खरी की खोटी याची चिकित्सा करण्यासाठी हा लेख नाही. परंतु त्या कथेतील एक गोष्ट मनाला टोचते. तीत बोलतो तो एकटा कवी, आणि ती मात्र डोळे मिटून पडलेली असते. वस्तुतः जिच्याविषयी ही कथा सांगितली जाते ती कुसुमावती देशपांडे म्हणजे मराठीतील अत्यंत विचक्षण टीकाकारांपैकी एक. तिने आयुष्यभर लिहिले, शिकविले, व्याख्याने दिली. आणि ज्या प्रेमाची ही कथा आहे, त्या प्रेमाविषयी तिने स्वतःच्या हाताने लिहिलेले शब्द छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. ‘कुसुमानिल’ या १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात अनिल आणि कुसुमावती यांचा १९२२ ते १९२७ या काळातील पत्रव्यवहार आहे. गाणे सर्वांच्या ओठी आहे, पण पुस्तक फार थोड्यांच्या घरी आहे. म्हणून त्या पुस्तकामागची हकिगत सांगण्याचा हा प्रयत्न.

आत्माराम रावजी देशपांडे, म्हणजेच ‘अनिल’, यांचा जन्म १९०१ साली अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरचा. कुसुम जयवंत यांचा जन्म १९०४ सालचा, अमरावतीचा. दोघेही वऱ्हाडचे, पण ओळख झाली ती पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजच्या परिसरात. त्या काळी वऱ्हाडातली मुलगी शिक्षणासाठी पुण्याला राहते, हीच घरोघर चर्चेची गोष्ट होती. मग एका तरुणाशी तिचा पत्रव्यवहार सुरू व्हावा, हे तर धाडसच. १९२२ साली सरकारने पोस्टकार्डाचा दर पाव आण्यावरून अर्धा आणा केला. अर्थात कार्डावर लिहिण्याजोगा हा मजकूर नव्हताच. त्याला बंद पाकीटच हवे, आणि पाकीट कुणाच्या हाती पडते याची धाकधूकही हवी. आजच्या मुलामुलींना त्या धाकधुकीची कल्पना येणे कठीण. पत्र टाकल्यापासून उत्तर येईपर्यंतचे दिवस हेच त्या काळच्या प्रेमाचे खरे वेळापत्रक होते.

अडचण केवळ संकोचाची नव्हती. दोघांच्या जाती निराळ्या होत्या. एक घर ब्राह्मणाचे, दुसरे कायस्थ प्रभूंचे. आज हे अंतर आपल्याला फारसे जाणवत नाही. पण त्या वेळी वडीलधाऱ्यांचा विरोध हा केवळ रागाचा प्रश्न नव्हता, त्याच्या पाठीशी कायदा उभा होता. १८७२ च्या तिसऱ्या कायद्याप्रमाणे नोंदणी विवाह करावयाचा, तर वधूवरांना आपण हिंदू धर्म मानीत नाही, असे लिहून द्यावे लागे. धर्म न सोडता भिन्न जातींतील हिंदूंना विवाह करता यावा म्हणून विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ साली एक विधेयक मांडले होते, पण ते पार पडले नाही. अखेर १९२३ साली मूळ कायद्यात दुरुस्ती झाली. ती घडवून आणली, सागरला जन्मलेल्या आणि नागपुरात वकिली गाजविलेल्या डॉ. हरिसिंग गौरांनी. हेच गौर पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. म्हणजे ही पत्रे लिहिली जात होती त्या सुमारास, याच प्रांतातील एक गृहस्थ दिल्लीच्या विधिमंडळात तरुणांसाठी एक दार किलकिले करीत होते.

दार किलकिलेच होते. धर्म नाकारण्याची सक्ती गेली, परंतु अशा विवाहाची किंमत कायद्यात कलमवार लिहून ठेवलेली होती. या कायद्याखाली विवाह करणारा एकत्र कुटुंबातून आपोआप विभक्त होई. त्याला दत्तक घेण्याचा अधिकार उरत नसे. आणि सर्वांत जिव्हारी लागणारे कलम हे, की बापाला दुसरा मुलगा नसेल तर त्याला दत्तक घेण्याची मोकळीक मिळे. थोडक्यात, लग्न करून मुलगा उंबऱ्याबाहेर पडला की कायद्याच्या लेखी बापाला निपुत्रिकासारखे वागता येई! अनिलांचा आणि कुसुमावतींचा विवाह कोणत्या रीतीने लागला हा येथे मुद्दा नाही. अशा प्रेमिकांच्या पिढीवर केवढे दडपण होते, हे ध्यानात यावे एवढ्यासाठी ही कलमे सांगितली. अनिल तर कायद्याचेच पदवीधर. पुढे वकिली आणि न्यायखात्यातील नोकरीही त्यांनी केली. त्यांना या कलमांचा अर्थ दुसऱ्याकडून समजून घ्यावा लागला नसेल. भिन्न जातींतील हिंदूंचा विवाह केवळ जातीच्या कारणावरून अवैध ठरणार नाही आणि पूर्वीही ठरला नव्हता असे समजावे, असा निःसंदिग्ध कायदा झाला तो १९४९ साली. तोपर्यंत या जोडप्याच्या संसाराला वीस वर्षे झाली होती.

कारण त्यांनी थांबणे पत्करले, पण सोडणे पत्करले नाही. मधल्या काळात कुसुमावती इंग्लंडला गेल्या आणि लंडन विद्यापीठाची इंग्रजी साहित्यातील बी. ए. ऑनर्स पदवी १९२९ साली घेऊन परतल्या. त्याच वर्षी विवाह झाला. १९३१ पासून त्या नागपूरच्या मॉरिस कॉलेजात इंग्रजी शिकवू लागल्या. १८८५ साली स्थापन झालेले हे कॉलेज पुढे नागपूर महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले आणि आज ते वसंतराव नाईकांच्या नावाने चालते. नागपूर तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती. त्या राजधानीच्या मुख्य कॉलेजात एक मराठी स्त्री मुलांच्या भरल्या वर्गापुढे उभी राहून इंग्रजी साहित्य शिकवते, हे दृश्य त्या काळी रोजचे नव्हते.

या पत्रांचे मोल कळण्यासाठी आपल्याकडच्या संसारकथांची परंपरा आठवली पाहिजे. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत पती गुरू आहे, पत्नी शिष्या आहे; घरातील बायकांची बोलणी सोसून ती चोरून धडे गिरवते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने निघाली. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, संसार दुभंगला आणि कित्येक वर्षांनी पुन्हा सांधला. ते सारे लक्ष्मीबाई अशा हसतमुखाने सांगतात, की वाचणाऱ्याला हसावे की रडावे कळत नाही. ही दोन्ही पुस्तके थोर आहेत. पण दोन्हींत पती काळाच्या पडद्याआड गेल्यावर पत्नी मागे वळून पाहते. संसार होऊन गेलेला असतो आणि आपण तो एकीच्या तोंडून ऐकतो.

‘कुसुमानिल’मध्ये संसार अजून व्हायचा आहे. होईल की नाही, हेही लिहिणाऱ्यांना ठाऊक नाही. दोघे लिहितात, दोघे वाचतात, दोघे उत्तर देतात. येथे कुणी कुणाला शिकवून वाढवीत नाही. पत्र लिहिताना माणूस आपल्यापुढे दुसऱ्याला उभा करतो आणि त्याच्या होकार-नकाराचा अदमास घेत वाक्य पुरे करतो. पाच वर्षे ही सवय जडली, की तिचे वळण होते. या दांपत्याचे पुढचे वाङ्मयीन जीवन पाहताना मला सारखे वाटते, की ते वळण या पत्रांनी घातले.

लग्नानंतर दोघांची लेखणी एकाच वाटेने गेली नाही. अनिलांचा ‘फुलवात’ हा संग्रह १९३२ सालचा. मग त्यांनी मुक्तछंदाची वाट धरली. ‘भग्नमूर्ती’ हे दीर्घकाव्य १९४० साली आले, ‘पेर्ते व्हा’ १९४७ साली. प्रीतीचा कवी समाजाच्या भंगलेल्या मूर्तीविषयी बोलू लागला. कुसुमावतींनी कथेकडे वळून ‘दीपकळी’ (१९३५), ‘दीपदान’ (१९४१) आणि ‘मोळी’ (१९४६) हे संग्रह दिले. त्या कथांत घटनांची धावपळ कमी असते. एखादा अनुभव, एखादे साधे माणूस, एखादी राबणारी बाई, एवढ्यावर त्या थांबतात आणि आपल्यालाही थांबवितात. नवरा कवी म्हणून पत्नीने त्याच्या कवितेचे निरूपण करावे, असा प्रकार या घरात झाला नाही. तिचे क्षेत्र तिचे, त्याचे त्याचे.

कुसुमावतींचे सर्वांत मोठे काम ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’. १९५३-५४ साली हे पुस्तक दोन भागांत प्रसिद्ध झाले. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचे. तेथपासून सुमारे शंभर वर्षांच्या मराठी कादंबरीचा हा इतिहास आहे. आता या शतकाचा विषय तरी काय होता? विधवेचे दुःख, बालविवाह, एकत्र कुटुंबातील घुसमट, प्रीतिविवाह, जात, सासर-माहेर! ‘यमुनापर्यटन’ विधवांच्या दशेपासून सुरू होते, हरिभाऊंच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये घरातली मुलगी स्वतःच आपली कहाणी सांगते. आमच्याच विदर्भाच्या पु. य. देशपांड्यांची ‘बंधनाच्या पलीकडे’ १९२७ साली आली आणि वेश्येच्या मुलीवरील प्रेमाचा विषय पाहून भल्याभल्यांच्या भुवया वर गेल्या. वाशीमच्या गीता साने तीसच्या दशकात स्त्रीच्या बंडाच्या कादंबऱ्या लिहू लागल्या. असा सगळा प्रेमाचा, कुटुंबाचा आणि संघर्षाचा प्रदेश मोजायला जी अभ्यासक बसली, तिने त्यातले काही स्वतःच्या घरात अनुभवले होते. टीकाकाराची तटस्थता तिने सोडली नाही. पण कादंबरीतील एखादी नायिका लेखकाने केवळ आदर्श म्हणून उभी केली आहे की ती खरोखर जगते आहे, हे ओळखण्याची तिची नजर ग्रंथालयातच तयार झाली असेल असे म्हणवत नाही.

१९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, नागपूरचे राजधानीपण गेले. अनिल दिल्लीला मूलभूत शिक्षणाच्या कामावर गेले, कुसुमावतीही आकाशवाणीच्या कामासाठी तेथे गेल्या. १९५८ साली मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद अनिलांना मिळाले. तीनच वर्षांनी, १९६१ साली, ग्वाल्हेरच्या संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या कुसुमावती. १८७८ साली न्यायमूर्ती रानड्यांनी भरविलेल्या पहिल्या ग्रंथकार संमेलनापासून मोजले तर तब्बल त्र्याऐंशी वर्षांनी त्या खुर्चीवर प्रथमच स्त्री बसली. त्यानंतर दुर्गा भागवतांची पाळी येण्यास १९७५ उजाडावे लागले. आणि २०२५ साली दिल्लीला तारा भवाळकर अध्यक्ष झाल्या तेव्हा स्त्री अध्यक्षांची संख्या कशीबशी सहावर पोचली.

ग्वाल्हेरच्या त्याच वर्षी, १७ नोव्हेंबर १९६१ रोजी, कुसुमावती दिल्लीत निवर्तल्या. सत्तावन्नावे वर्ष नुकतेच पुरे झाले होते.

त्यानंतर अकरा वर्षांनी ‘कुसुमानिल’ प्रसिद्ध झाले. अनिल तेव्हा एकाहत्तरीला आलेले, मोठे नाव असलेले कवी. तरुणपणीची खाजगी पत्रे चव्हाट्यावर आणल्याने प्रतिष्ठेत भर पडेलच असे नव्हते. आपल्याकडे नवराबायकोचे बोलणे चार भिंतींच्या आत ठेवण्याची रीत, मग लग्नापूर्वीचे बोलणे तर ट्रंकेच्या तळाशीच! त्यांना शोककाव्य लिहून भागविता आले असते. पण शोककाव्यात ती पुन्हा मुकीच राहिली असती. पत्रे छापू दिल्यामुळे ती वीस वर्षांची होऊन पुन्हा बोलू लागली. तीही त्याच्या पत्राला उत्तर म्हणून, त्याच्या कवितेतील प्रतिमा म्हणून नव्हे. मला या निर्णयात प्रेमाइतकीच न्यायबुद्धी दिसते. पुढे ‘दशपदी’ला १९७७ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले, आणि १९८२ साली अनिलही गेले. कुसुमावतींचे नाव मात्र त्यानंतरही नव्या ग्रंथावर झळकले. मं. वि. राजाध्यक्ष आणि त्या, अशा दोघांच्या नावे असलेला मराठी साहित्याचा इंग्रजी इतिहास साहित्य अकादमीने १९८८ साली प्रकाशित केला.

तेव्हा या दिवाळीत ते गीत लागेल तेव्हा ऐकावे, जरूर ऐकावे. सूर थांबला आणि आजोबांनी ती दंतकथा सांगितली, म्हणजे घरातल्या एखाद्या मुलीने विचारावे, “आणि आजोबा, ती काय म्हणाली?” या प्रश्नाचे उत्तर सुदैवाने ग्रंथालयात मिळते.