पांढरीतला इतिहास: प्रा. ह. धी. सांकलिया

महाराष्ट्रात पिकाच्या जमिनीला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जागेला पांढरी. चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती आणि माणसांचा राबता यांनी भुरकट झालेली पांढरीची टेकाडे नदीकाठच्या कितीतरी गावांत आहेत. शेतकरी त्यांची माती गाड्या भरभरून शेतात नेत आला. इतिहास मात्र लेणी, शिलालेख आणि ताम्रपट यांवरून लिहिला जाई. सातवाहनांच्या आधी या भूमीत कोण नांदत होते, हे पांढरीलाच विचारायला हवे होते. ते विचारणारी पिढी हसमुख धीरजलाल सांकलिया या प्राध्यापकांनी घडवली.

सांकलियांचा जन्म मुंबईत १० डिसेंबर १९०८ रोजी झाला. प्रकृती लहानपणापासून नाजूक होती. लोकमान्य टिळकांचा वेदांतील आर्यांच्या मूलस्थानावरचा ग्रंथ त्यांनी शाळकरी वयात गुजराती अनुवादातून वाचला आणि प्राचीन इतिहासाची ओढ लागली. एम.ए.साठी त्यांनी फादर हेरास यांच्या मार्गदर्शनाखाली नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. पुढे लंडनला गुजरातच्या पुरातत्त्वावर पीएच.डी. केली. तेथे असतानाच मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसल येथील उत्खननात काम करून थरांनुसार जमीन कशी उकलायची, हे ते शिकले.

टिळक-आगरकर जेथे शिकले ते पुण्याचे डेक्कन कॉलेज सरकारने १९३४ मध्ये बंद केले होते. माजी विद्यार्थी न्यायालयात गेले, आणि १९३९ मध्ये ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. त्याच वर्षी सांकलिया तेथे रुजू झाले. पुढचे सारे आयुष्य त्यांनी या एका संस्थेला दिले.

सुरुवात गुजरातमधील लांघणजपासून झाली. तेथील १९४४ च्या मोहिमेत इरावती कर्वे त्यांच्या सोबत होत्या, आणि अश्मयुगीन माणसांचे सांगाडे हाती लागले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत १९४५-४६ मध्ये सातवाहनकालीन नगर उजेडात आले. नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीच्या गोट्यांच्या थरात दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या. या सर्वांपेक्षा मोठी गोष्ट घडली ती संगमनेरजवळ, प्रवरेकाठच्या जोर्वे गावी. तेथे १९५०-५१ मध्ये शां. भा. देव यांच्यासह केलेल्या उत्खननात लाल पृष्ठावर काळी नक्षी असलेली, तोटीची सुबक भांडी निघाली. पुढे नेवासे, नर्मदाकाठचे नावडातोली अशी एकेक जागा उलगडत गेली. जोर्व्याच्या खापरांनी महाराष्ट्रातल्या आरंभीच्या शेतकऱ्यांच्या एका संस्कृतीला नाव दिले. राजाच्या नावाऐवजी एका साध्या खेड्याचे नाव इतिहासाच्या कालखंडाला लागावे, ही फार मोलाची गोष्ट आहे.

इनामगावचे काम सर्वांत दीर्घ. शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठच्या या गावी १९६८ पासून १९८२ पर्यंत उत्खनन चालले. म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी त्यात सहभागी होते. सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातले एक अख्खे खेडे त्यातून उभे राहिले: घरे, धान्याची कोठारे, पाण्याचा पाट, कुंभाराची भट्टी. मृत बालकांना दोन रांजणांची तोंडे एकमेकांना जोडून घरातच, जमिनीखाली पुरलेले आढळले. मूल गेले तरी घराबाहेर जाऊ नये, असे त्या माणसांना वाटत असावे. तीन हजार वर्षांपूर्वीचे ते दुःख आजही कळते. शेवटच्या काळात ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. पाऊसमान घटल्याने शेती खालावली आणि लोक पशुपालनाकडे वळले, असा अर्थ संशोधकांनी लावला.

हा अर्थ एकट्या पुरातत्त्वज्ञाला लागला नसता. दाणे, हाडे, सांगाडे आणि नदीची माती तपासणारे अभ्यासक एकाच विभागात काम करतील, अशी घडी सांकलियांनी बसवली होती. विद्यार्थी तंबूत राहून शिकत, आणि थरांचे वाचन खड्ड्यात उतरूनच होई. सांकलियांचे कर्तृत्व त्यांच्या ग्रंथांइतकेच या शिष्यपरंपरेत आहे. देव, ढवळीकर, वी. ना. मिश्र आणि के. पद्दय्या हे चौघेही पुढे डेक्कन कॉलेजचे संचालक झाले.

भारत आणि पाकिस्तानच्या प्रागितिहासावरील त्यांचा ग्रंथ अनेक वर्षे विद्यार्थ्यांचा आधार होता. म. श्री. माटे यांच्यासह त्यांनी ‘महाराष्ट्रातील पुरातत्त्व’ हे पुस्तक मराठी वाचकांना दिले. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. इनामगावचा सविस्तर अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी डेक्कन कॉलेजला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. इनामगावची भांडी आणि रांजण तेथील संग्रहालयात आहेत.