पुढचा ब्रेक

यंदा दिवाळीला नातू सावलीला आला, तो एक चमत्कारिक सायकल घेऊन. तिला सीट नव्हती, मडगार्ड नव्हते, घंटी नव्हती. कॅरियरचे तर नावच नको. आमच्या सौभाग्यवतींनी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि काळजीच्या सुरात विचारले, "अरे, विकणाऱ्याने तुला फसवले की काय?"

"आजी, ही बसायची सायकलच नव्हे," असे म्हणून तो पायडलवर उभा राहिला, जागच्या जागी तोल सावरला, आणि बेडकाने उडी मारावी तशी ती सायकल अंगणातून थेट ओट्यावर चढवली. या खेळाला ट्रायल्स म्हणतात. दगड, ओंडके, भिंती यांवरून पाय जमिनीला न लावता जायचे, एवढाच त्याचा नियम. स्पेनच्या कातालोनिया प्रांतात १९७०च्या सुमारास मोटारसायकलवाल्यांच्या पोरांनी तो सायकलवर आणला, आणि १९८६पासून त्याच्या जागतिक स्पर्धा होऊ लागल्या.

रात्री जेवणे झाल्यावर नातवाने मला विचारले, "आबाजी, हिचा पुढचा ब्रेक बदलायचा आहे. वायरचा घेऊ की तेलाचा?"

मी काही बोलण्याआधीच बाजेवर बसलेल्या दादांनी आपला उजवा पाय सरळ लांब केला. तो पाय गुडघ्यात वाकत नाही. "कोणताही घे," दादा म्हणाले, "पण घे."

पोराला त्याचा अर्थ कळला नाही. मला कळला. तो कळण्यासाठी वाचकांना माझ्याबरोबर थोडे मागे यावे लागेल.

सावली हे गाव तेव्हा चांदा जिल्ह्यात होते. गडचिरोलीचा वेगळा जिल्हा व्हायला १९८२ साल उजाडायचे होते. खादीच्या कामामुळे गावाचे नाव बाहेर थोडेफार माहीत होते. १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन येथे भरले आणि महात्माजी आले, ही गोष्ट आमचे बाबूजी दर दिवाळीला नव्याने सांगत. बाबूजींनी १९६४ साली सायकल घेतली. काळी, बावीस इंची, रॉडच्या ब्रेकची. ती घरी आली त्या दिवशी आईने तिला हळदकुंकू लावले आणि दुसऱ्या दिवशी बाबूजींनी मिस्त्रीकडे नेऊन तिच्या पुढच्या ब्रेकचा रॉड काढून घेतला. तो त्यांनी फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला.

का, तर तरुणपणी कोणाच्या तरी उसन्या सायकलवर त्यांनी घाईत पुढचा ब्रेक करकचून दाबला होता आणि हँडलवरून पुढे पडून समोरचा दात गमावला होता. "पोट्ट्यांनो, पुढचा ब्रेक म्हणजे तोंडावर आपटायची कळ," असे ते म्हणत. नुसते बाबूजीच नव्हे, गावातला प्रत्येक शहाणा माणूस हेच सांगे. हाफ पायडल शिकवणारा प्रत्येक मोठा भाऊ धाकट्याला पहिला धडा हाच देई.

त्याच वर्षी श्रावणात दादा व्याहाडकडे निघाले. वय सोळा, कॅरियरवर तांदळाचे पोते, वर भुरभुर पाऊस. रस्ता जेथे वैनगंगेकडे उतरतो तेथे बांदीतून एक बैलगाडी अकस्मात आडवी आली. दादांनी मागचा ब्रेक जिवाच्या आकांताने दाबला. ओल्या रिमवर रबर नुसते सरकत राहिले. सायकल गाडीच्या चाकावर आदळली, वरून पोते आले, आणि गुडघ्याची वाटी फुटली. बाबूजींनी दादांना काही म्हटले नाही. आठवड्याने त्यांनी माळ्यावरचा रॉड काढला आणि मिस्त्रीकडे न जाता स्वतःच्या हाताने, दिवसभर खटपट करून, तो सायकलला बसवला. त्याविषयी ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

पुढचा ब्रेक असता तर दादा वाचले असते, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पाऊस दोन्ही चाकांवर सारखाच पडत होता. पण बाबूजींची भीती खरी होती की खोटी, हा प्रश्न मात्र माझ्या मनात घर करून बसला, आणि त्याच्यापायी सायकलच्या ब्रेकचा इतिहास मी वर्षानुवर्षे धुंडाळला. त्यातून जे हाती लागले ते असे.

ही भीती एके काळी अगदी खरी होती. १८७०च्या दशकात युरोपात जी उंच सायकल निघाली तिचे पुढचे चाक माणसाच्या छातीला लागेल एवढे, तर मागचे बशीएवढे दिसे. स्वार जवळजवळ पुढच्या चाकाच्या आसावरच बसे. ब्रेक म्हणजे चमच्याच्या आकाराचा लोखंडी तुकडा; तो पुढच्या चाकाच्या भरीव रबरावर दाबायचा. तो जरा जोरात दाबला की चाक थांबे आणि स्वार पाच फुटांवरून डोक्यावर पडे. म्हणून उतारावर शहाणे लोक दोन्ही पाय हँडलवरून पुढे टाकून बसत, म्हणजे उडालेच तर निदान पायांवर पडावे! टॉमस स्टीव्हन्स नावाचा गृहस्थ १८८४ ते १८८६ या काळात अशाच सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा करून आला, आणि वाटेत लाहोरहून कलकत्त्यापर्यंत आपल्या ग्रँड ट्रंक रस्त्यानेही गेला.

मग १८८५ साली जॉन केंप स्टार्ली याने दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी सायकल काढली. स्वार खाली आला, दोन चाकांच्या मध्ये आला. तीन वर्षांनी बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकीला धक्के बसू नयेत म्हणून हवेचे टायर बनवले. मुलावरच्या मायेने बापाने सायकलला हात लावल्याचा हा दाखला बाबूजींच्या आधीचा. फरक एवढाच की डनलॉपने काही लावले आणि बाबूजींनी काढले.

हवेचे टायर आले आणि चमच्याचा ब्रेक गेला. तो मऊ टायर खाऊन टाकी. आता टायर सोडून रिमच धरायची, अशी कल्पना बळावली. १८९६ साली बाउडन याने लवचिक नळीतून सरकणाऱ्या तारेचे पेटंट घेतले आणि वायरच्या ब्रेकचा मार्ग मोकळा झाला. पण आपल्याकडे आली ती मुख्यतः इंग्लंडची रॉडची सायकल. मूठ दाबली की रॉड वर ओढला जातो, नालाच्या आकाराची पट्टी वर येते, आणि तिची दोन रबरे रिमला आतून, म्हणजे तारांच्या बाजूने, टेकतात. चाक थोडे आऊट झाले तरी हा ब्रेक कुरकुरत का होईना चालतो, आणि पाना व पक्कड असलेला कोणताही मिस्त्री तो दुरुस्त करतो. म्हणूनच मद्रासची १९४९ची टी. आय., सोनीपतची १९५१ची अॅटलास, लुधियानाची १९५६ची हीरो या साऱ्यांनी तो वर्षानुवर्षे चालू ठेवला. अॅटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२०च्या जूनमध्ये बंद पडला. पण तिच्या रॉडच्या सायकली आमच्या तालुक्यात अजून धानाची पोती वाहताना दिसतात.

सायकल बदलली, ब्रेक बदलला, पण उपदेश मात्र उंच सायकलचाच राहिला! एस.टी. अकस्मात थांबली की उभे उतारू पुढे झुकतात, हे आपण रोज पाहतो. सायकल थांबतानाही सारे वजन असेच पुढच्या चाकावर येते आणि मागचे हलके होते. हलके चाक जमिनीला धरणार किती? ते घसरते. कोरड्या सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल नुसत्या मागच्या ब्रेकने थांबायला सहाएक मीटर घेते. पुढचा ब्रेक जाणत्या हाताने दाबला तर तीनेक मीटर पुरतात. बाबूजी पडले ते ब्रेक पुढचा होता म्हणून नव्हे, एकदम करकचून दाबला म्हणून. आणि मागे पोते असले की पुढे पडण्याचे भय उलट कमीच होते. राहिली गोष्ट पावसाची. त्या सायकलींच्या रिमा चकचकीत मुलाम्याच्या पोलादी असत. त्या ओल्या झाल्या की रबराची पकड कोरड्यातल्या पकडीचा लहानसा अंशच उरते. अॅल्युमिनियमची रिम या बाबतीत पुष्कळ बरी.

नातवाला मी हे सारे सांगितले. त्याने तोंड न वाकडे करता ऐकले, हा त्याचा मोठेपणा. शेवटी म्हणाला, "ते ठीक, आबाजी, पण मी घेऊ काय?"

मग आम्ही तिघे कंदील घेऊन, खरे म्हणजे त्याच्या फोनचा दिवा घेऊन, सायकलपाशी बसलो. या खेळात ब्रेकचे काम निराळे असते. वेग जवळजवळ नसतोच. एका बोटाने चाक असे जखडायचे की ते पुढेही हलू नये आणि मागेही. तेलाचा ब्रेक जर्मनीच्या मागुरा कारखान्याने १९८७ साली काढला. मुठीतला दाब तेलातून सरळ रबरांवर जातो, वायरीसारखी घासाघीस नाही, पकड पोलादी. पण तेल गळले किंवा आत हवा शिरली तर सावलीत कोण पाहणार? वायरच्या लांब भुजांचा ब्रेक जपानच्या शिमानोने १९९६ साली आणला. तो हलका, स्वस्त, वायर तुटली तर बाजाराच्या दिवशीही मिळते, आणि पुढच्या चाकाला जी हळुवार दाब देण्याची गरज असते ती तो भागवतो. शिवाय हे खेळाडू रिमची कड यंत्राने मुद्दाम खरबरीत करतात. मग पकड वाढते, रबरे मात्र लवकर झिजतात, आणि सायकल मोरासारखी केकाटते.

"आधी चिमटा पाहा," मी म्हणालो. ज्या जातीच्या खुंट्या चिमट्यावर असतील त्याच जातीचा ब्रेक बसतो, ही गोष्ट दुकानात गेल्यावर आठवून उपयोग नाही. चिमट्यावर वायरच्या ब्रेकच्या दोन खुंट्या होत्या. प्रश्न अर्धा तेथेच सुटला. पुढे वायरचा, रबरे उत्तम प्रतीची, मागे हवा तर पुढेमागे तेलाचा, असे ठरले.

दादा इतका वेळ गप्प होते. ते काठी टेकत उठले, सायकलचे हँडल धरले आणि पुढच्या ब्रेकची मूठ एका बोटाने दाबून सायकल हलकेच पुढे ढकलली. पुढचे चाक जागीच राहिले, मागचे वीतभर उचलले गेले. त्यांनी ते सावकाश खाली टेकवले. पुन्हा दाबले, पुन्हा टेकवले. साठ वर्षांत त्यांनी सायकलला हात लावल्याचे मला आठवत नाही.

"जपून दाब," ते नातवाला म्हणाले, "पण दाबायला भिऊ नको."

बाबूजींची सायकल अजून मागच्या पडवीत आहे. टायर केव्हाच गेले, साखळी गंजली. दुसऱ्या दिवशी अभ्यंगस्नानानंतर नातू तिच्याकडे गेला आणि पुढच्या ब्रेकची मूठ दाबून पाहू लागला. रॉड कुरकुरला, पट्टी वर आली, आणि सुकून दगड झालेली ती दोन रबरे रिमला टेकली. ज्या रॉडला बाबूजींनी स्वतः पाना लावला होता, त्याचा एकही नट ढिला झालेला नाही.