साखळी, शंकू आणि गुंठा : दख्खनच्या जमीनमोजणीचा एक पैलू

एकोणिसाव्या शतकातील दख्खनच्या महसूलव्यवस्थेचा विचार बहुधा आकारणीच्या अंगाने केला जातो. परंतु ज्या मोजणीवर ही आकारणी उभी होती, तिची रीत ध्यानी घेतल्याशिवाय त्या काळच्या कागदपत्रांतील आकड्यांचा अर्थ नीट लागत नाही.

पाच हात व पाच मुठींची एक काठी आणि वीस काठ्या लांब व तितक्याच रुंद चौरसाचा एक बिघा, असे शिवकालीन मान सभासदाच्या बखरीत नमूद आहे. व्यवहारात मात्र अनेक ठिकाणी हलक्या जमिनीचा बिघा मोठा व कसदार जमिनीचा लहान धरीत. अशा ठिकाणी बिघा हे क्षेत्राइतकेच महसुलाचेही माप होते.

प्रिंगल यांची पुणे जिल्ह्यातील आकारणी फसल्यानंतर १८३५ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवे काम आरंभिले. या पद्धतीत क्षेत्र व प्रत ही दोन अंगे वेगळी झाली. प्रतवारी आण्यांत ठरे, तर क्षेत्र एकर व गुंठ्यांत लिहिले जाई. मोजणीची साखळी ३३ फुटांची, म्हणजे गुंटर यांच्या ६६ फुटी साखळीच्या निम्मी असे. तिचे भाग शंभर कड्यांचे नसून सोळा आण्यांचे होते. एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. शेतातून एक पायारेषा आखून शंकूच्या साह्याने तिच्यावर काटकोनात लंब काढीत. काटकोनाखेरीज अन्य कोन मोजण्याचे कारणच पडत नसे. पाया १२ साखळ्या व लंब ५ साखळ्या असलेल्या त्रिकोणाचे क्षेत्र ३० गुंठे, हा हिशेब आण्यांत मुरलेल्या कारकुनास सहज जमणारा होता.

ही मापे ज्या टिपणावर नोंदविली जात, ते प्रमाणबद्ध नसे. क्षेत्र ठरे ते लिहिलेल्या आकड्यांवरून, रेखाटलेल्या आकृतीवरून नव्हे. यावरून अभ्यासकाने दोन गोष्टी लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. टिपणातील आकृती मोजून क्षेत्र काढणे निरर्थक होय. तसेच पेशवेकालीन बिघ्यांना एकाच गुणकाने एकरांत बदलून दोन राजवटींच्या लागवडीची तुलना केल्यास, जी वाढ अथवा घट दिसते ती पुष्कळदा शेतातील नसून मापातील असण्याचा संभव असतो.