पुलाखालची कोंडलेली हवा आणि पायाची न भरणारी जखम

मी चितेगावहून बोलतेय.

साखरेच्या आजारात पायाला जखम झाली की महिनोन्‌महिने भरत नाही, हे आपल्यापैकी कितीतरी घरांनी पाहिलंय. हळद होते, मलम होतं, पट्ट्या होतात. मग कोणीतरी सांगतं, "शहरात प्राणवायूच्या बंद खोलीत बसवतात, पाय वाचतो." लगेच गटाच्या बैठकीत कर्जाची गोष्ट निघते. म्हणून ही खोली आली कुठून, तिनं काय होतं आणि काय होत नाही, ते आज ऐकू या.

ही खोली मुळात जखमेसाठी नव्हतीच. ती पूल-बोगद्यांच्या कामातून आली. अमेरिकेत न्यूयॉर्कला १८७० च्या सुमारास ब्रुकलिनच्या पुलाचा पाया नदीच्या तळाशी खोदत होते. पाणी आत शिरू नये म्हणून लाकडाची भलीमोठी पेटी उपडी खाली सोडली आणि तिच्यात जोरानं हवा कोंडली. आत मजूर खोदायचे. वर आल्यावर काहींचे सांधे असे दुखायचे की उभं राहवेना. काही लुळे पडले, काही दगावले. दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो, आणि माणूस घाईनं वर आला की सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात.

मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग यांनाही १८७२ मध्ये या आजारानं अंथरुणाला खिळवलं. तेव्हा त्यांच्या पत्नी एमिली बांधकामाचं गणित शिकल्या. नवऱ्याच्या सूचना कामावर नेणं, तिथल्या अडचणी घरी आणणं, हे त्यांनी वर्षानुवर्षं केलं. १८८३ मध्ये पूल खुला झाला.

पुढे १८८९ च्या सुमारास त्याच शहरात हडसन नदीखालच्या बोगद्यावर अर्नेस्ट मॉयर या इंजिनिअरनं कामाजवळच एक लोखंडी खोली ठेवली. आजारी मजुराला पुन्हा दाबाखाली घ्यायचं आणि दाब अगदी हळूहळू उतरवायचा. मजुरांचं मरण बरंच कमी झालं.

एक आजार बरा झाला म्हणताच सगळेच बरे होतील असं सांगणारेही निघाले. क्लीव्हलँड शहरात १९२८ मध्ये डॉ. कनिंगहॅम यांनी ६४ फूट रुंदीचा पोकळ पोलादी गोळा उभारला. आत रुग्णांच्या खोल्या. कोंडलेल्या साध्या हवेनं मधुमेह, कर्करोग बरे करू, असा दावा. डॉक्टरांच्या संघटनेनं पुरावा मागितला, तो मिळाला नाही. शेवटी तो गोळा भंगारात गेला.

खरी वाट १९६० मध्ये दिसली. ॲमस्टरडॅमचे शल्यविशारद बुरेमा यांनी डुकरांच्या रक्तातल्या जवळपास सगळ्या तांबड्या पेशी काढल्या, आणि तिप्पट दाबाखाली शुद्ध प्राणवायू देऊन त्यांना जगवलं. म्हणजे दाब असला की प्राणवायू रक्ताच्या पाण्यातच विरघळून शरीरात पोचतो. न भरणाऱ्या जखमेसाठी ही खोली वापरतात ती याच आधारावर.

आपल्याकडे मुंबईत कुलाब्याला नौदलाचं 'अश्विनी' रुग्णालय आहे. पाणबुड्यांनाही पुलाच्या मजुरांसारखाच आजार होतो, म्हणून अशी खोली तिथं लागतेच. न भरणाऱ्या जखमांसाठीही ती तिथं वापरली जाते. रुग्ण साधारण दीड-दोन तास आत राहतो, आणि अशा वीस ते चाळीस खेपा होतात. गावाहून जाणाऱ्यानं गाडीभाडं, मुक्काम आणि बुडणारी मजुरी हेही धरूनच हिशेब करावा.

आता गुण किती? स्वीडनमध्ये ९४ जणांवर अभ्यास झाला, तो २०१० मध्ये छापून आला. वर्षभरानं प्राणवायू घेतलेल्यांपैकी शंभरात ५२ जणांची जखम भरली, खोलीत बसून साधी हवा घेतलेल्यांत २९ जणांची. पण २०१६ मध्ये आलेल्या कॅनडाच्या १०३ जणांच्या अभ्यासात पाय कापण्याची वेळ टळण्यात काही फरक दिसला नाही. म्हणजे काही निवडक रुग्णांना उपयोग होतो, सगळ्यांना नाही. आणि तोही बाकीचे उपचार चालू ठेवून.

ते बाकीचे उपचार कोणते? साखर ताब्यात ठेवणं. पायाचा रक्तपुरवठा तपासून घेणं. मेलेलं मांस काढणं, जंतूंवर औषध. आणि जखमेवर वजन पडू न देणं. हे शेवटचं आपल्याच देशानं जगाला दाखवलं. वेल्लोरला १९४६ पासून काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी ओळखलं, की कुष्ठरुग्णाच्या पायाला दुखणं कळत नाही, म्हणून तो जखमेवरच चालत राहतो. त्यांनी पाय प्लास्टरमध्ये ठेवून विसावा दिला, आणि जखमा भरल्या. साखरेनं बधिर झालेल्या पायालाही आज हाच नियम आहे.

म्हणून कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. पायाचं रक्त तपासलं का? बाकीचे उपचार पुरते झाले का? खेपा किती, एकूण खर्च किती? फायदा दिसत नसेल तर कधी थांबायचं? कानाचा, फुप्फुसाचा किंवा फिटचा त्रास असेल तर तोही आधीच सांगा. आत जाताना तेल, मलम, मोबाईल, काडेपेटी जवळ नको. शुद्ध प्राणवायूत ठिणगी म्हणजे वणवा. इटलीत मिलान शहरात १९९७ मध्ये अशाच खोलीला आग लागून अकरा जण गेले.

आणि ज्यांच्या पायाला अजून काही झालेलं नाही, त्यांनी रोज रात्री तळवे बघावेत. स्वतःला दिसत नसतील तर सुनेला, लेकीला, नातवाला दाखवावेत. शेतात अनवाणी जाऊ नये. फोड, चीर, काळा डाग दिसला तर बाजाराच्या दिवसाची वाट न बघता आरोग्य केंद्र गाठावं, आणि तिथून पाठवलं तर घाटीत जावं.