थेरॅक-२५ चा प्रोग्राम कोणी लिहिला होता?
दवाखान्यात डॉक्टरांची डिग्री तुम्ही भिंतीवर पाहता. पण रेडिएशन मशीनचा प्रोग्राम लिहिणाऱ्याची? १९८५ ते १९८७ मध्ये अमेरिका-कॅनडात थेरॅक-२५ या मशीनने सहा रुग्णांना बेसुमार डोस दिला. टेक्सासमधील टायलर येथे ऑपरेटरने चुकलेली नोंद भराभर दुरुस्त केली. स्क्रीनवर ‘मालफंक्शन ५४’ एवढेच उमटले. असे संदेश रोजचेच, म्हणून त्यांनी पुन्हा कळ दाबली. रुग्ण पाच महिन्यांनी दगावला.

आधीच्या मशीनमधली स्वतंत्र सुरक्षा-यंत्रणा यात काढून टाकली होती. सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर. ते एकाच माणसाने लिहिलेले, आणि त्याचे शिक्षण काय हे कंपनीचे लोकही पुढे सांगू शकले नाहीत. (मला हेच सर्वांत भयंकर वाटते.)

वैद्यकीय सॉफ्टवेअर कसे लिहावे, तपासावे याचे आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६२३०४ आले २००६ साली. तेही कामाची पद्धत ठरवते. प्रोग्रामरला डॉक्टरांसारखी नोंदणी मागत नाही.